रुंद पानाचं तण

घाटनांदूरच्या अलीकडे डांबर संपतं,
मग मुरूम, मग नुसती चाकोरी,
मग तीही गवतात शिरून गप्प होते.
काट्यांच्या फाटकाशी सोजरबाई बसलेली,
मांडीवर काठी, काठीला बांधलेली पाण्याची बाटली.
"इळा हाय का जवळ? खुरपं? काडीपेटी?"
मी खिसे उलटे केले.
निघालं ते एवढंच : गाडीची किल्ली, दोन पेन,
आमच्या दुकानाचं बिलबुक.
तिनं ते नाकाशी नेलं.
"औषधाचा वास येऊलालाय," म्हणाली,
आणि परत दिलं.

बावीस वर्षं मी लातुरात तणनाशक विकतो.
इथली निम्मी मंडळी माझ्या ओळखीची,
बाटलीमागच्या चित्रांतून,
नंबर घालून, एका रांगेत,
पोलीस ठाण्यातल्या फळ्यावर लावतात तशी.
केना : तीन नंबर. कुर्डू : सात. आघाडा : अकरा.
गिऱ्हाइकाला मी पानं दाखवत आलो.
फूल येईपर्यंत थांबायचं नसतं,
दोन ते चार पानांवर फवारायचं,
हे मी झोपेतही सांगेन.

आणि भादव्याच्या या उन्हात
सात नंबर कमरेइतका उभा,
शेंड्याला गुलाबी, बुडाकडे पांढरा होत गेलेला,
किती, ते मोजायला मी आलो नव्हतो.
खाली केना.
त्याचं निळं असं असतं
हे मला कुणी सांगितलं नव्हतं,
मीही कुणाला विचारलं नव्हतं.
"बाराला मिटतंय," सोजरबाई म्हणाली.
घड्याळात साडेअकरा.

ती पुढं, मी मागं.
पाय टाकायच्या आधी ती काठीनं गवताला कळवते.
पवन्या, मारवेल, शेडा, कुसळी.
"दिवाळीपतुर हे कुणाचंच न्हाई.
मग घरामागं एक भारा, पाटलाला बी एकच."
आधी कुणासाठी राखलं होतं?
"निजामाचे घोडे चरायचे म्हनत्यात.
घोडे गेले.
गवताला कुणी सांगितलंच न्हाई."

एका ठिकाणी मी थांबलो.
बोटभर दांडीवर पांढरं, खाली बघणारं काहीतरी,
माझ्या कुठल्याच बाटलीवर नसलेलं.
"ह्याला नाव न्हाई. माझी जाऊ ह्याला पाव्हणा म्हनायची.
एका साली येतंय, दोन साली न्हाई."
जाऊ आता कुठं असते, मी विचारलं नाही.
तिनंच काठी उगाच दोनदा आपटली.
चंडोल उडाला, वर जाऊन बराच वेळ बोलत राहिला.

तेवढ्यात फोन. निवळीचे खंडेराव मुळे.
"साहेब, तुरीत केना लई माजलाय. काय मारू?"
मी गुडघाभर केन्यात उभा.
"फुलावर आलाय का?"
"निळा निळा झालाय सगळा."
"मग उशीर झाला."
"मग काय करू?"
ह्यालाही उत्तर असतं, लिटरचा भाव असतो.
पायाजवळ पाकळ्या आत ओढल्या जात होत्या,
एकेक, ओला कागद गोळा व्हावा तशा.
"खुरपून घ्या," म्हणालो. "उद्या.
आज रविवार आहे."

फाटकाशी तिनं मला दगडावर बसवलं.
"मोज्याला लागलेलं बी हितंच काढा. ते कुरणाचं हाय."
अकरा नंबर. चिवट.
एकेक दाणा वेचून तिच्या तळहातावर ठेवला.
तिनं ते मागं भिरकावलं, बघितलंही नाही.

सोमवारी दुकानात ताजोद्दीन हिशोब जुळवत होता.
पान उलटलं, थांबला.
"शेठ, हे तुमचंच अक्षर ना?
मालाचं नाव : पाव्हणा. नग कोरे, दर कोरा.
कार्बनखाली पण उमटलंय.
कुठल्या कंपनीचं आहे हे? मागवायचं का?"
दारात गिऱ्हाईक आल्यासारखं करून
मी उठलो.